टायरचा दिवा, सेन्सर आणि शोरूमचे बिल

मोटारीच्या मीटरवर कधी कधी घोड्याच्या नालेच्या आकाराचे, मधोमध उद्गारचिन्ह असलेले पिवळे चिन्ह उजळते. टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा तो दिवा असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात. दिवा एकच असला, तरी त्याचे अर्थ दोन आहेत. गाडी सुरू केल्यावर तो पेटला आणि स्थिर राहिला, तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा अर्थ यंत्रणाच बिघडली आहे असा होतो. काही गाड्या लुकलुकण्याऐवजी पडद्यावर तसा संदेश दाखवतात. हे पहिले मिनिट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण तेव्हा चालक पट्टा लावत असतो किंवा गाडी पार्किंगमधून मागे घेत असतो. पुढचा सगळा तपास मात्र याच मिनिटावर अवलंबून असतो. म्हणून दिवा दिसू लागला की एकदा इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मीटरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवावा. वर्कशॉपमध्ये पुढे याचा फार उपयोग होतो.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे मालकाला माहीत असायला हवे. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. एबीएस ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्याच आकड्यांवरून गाडीचा संगणक हवेचा अंदाज बांधतो. हवा कमी झालेला टायर किंचित दबतो, त्याची फिरण्याची त्रिज्या घटते आणि तेवढेच अंतर कापायला तो इतरांपेक्षा जास्त फेरे घेतो. हा फरक ओळखून दिवा पेटवला जातो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत ही दुसरी पद्धत आहे. ओळखायची खूण सोपी आहे: पडद्यावर चारही चाकांचे पीएसआयचे आकडे दिसत असतील तर चाकांत सेन्सर आहेत, आकडे न दिसता मेनूमध्ये फक्त दाब ‘सेट’ करण्याचा पर्याय असेल, तर बहुधा नाहीत. सेन्सर नसलेल्या गाडीच्या इस्टिमेटमध्ये ‘टायर सेन्सर बदलणे’ असे लिहून आले, तर ते इस्टिमेट तिथेच परत करावे.

या दुसऱ्या प्रकारातला दोष बहुतेक वेळा घरच्या घरी निस्तरता येतो. चारही टायरांत दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरायची, मेनूतला ‘सेट’ पर्याय दाबायचा आणि गाडी थोडी चालवायची, म्हणजे संगणक त्या स्थितीला प्रमाण मानतो. घोटाळा होतो तो हवा न भरता बटण दाबल्यामुळे. दिवा जातो खरा, पण कमी हवेलाच योग्य हवा समजून यंत्रणा बसते आणि पुढे खरोखर धोका निर्माण झाला तरी गप्प राहते. सर्व्हिसिंगनंतर दिवा गेला म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी गेजने चारही चाके तपासावीत, ती यासाठीच. हवा भरून, सेट करूनही दिवा परत येत असेल, तर वेगवेगळ्या मापाचे किंवा फार कमी-जास्त झिजलेले टायर आणि एबीएसचा चिखलाने माखलेला वा खराब झालेला सेन्सर ही संशयाची ठिकाणे.

यंत्रणेचा प्रसार झाला तो एका मोठ्या दुर्घटनामालिकेमुळे. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचा पट्टा धावत्या गाडीत सुटून गाड्या उलटू लागल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने टायरसुरक्षेचा कायदा केला आणि त्याच्या आधारे सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत टीपीएमएस सक्तीची झाली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती लागू केली. अमेरिकी नियमानुसार हवा नेमलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्क्यांनी घटली की दिवा पेटायलाच हवा. भारतात ही यंत्रणा वरच्या व्हेरियंटमधली सोय म्हणून आली. मात्र जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी देण्याची गरज उरली नाही. ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिच्या मालकाला हा दिवा बिघडलेला ठेवून चालणार नाही.

चाकाच्या आत असतो तो सेन्सर काड्यापेटीहून लहान असतो. वजन साधारण तीस ग्रॅम. ज्या व्हॉल्व्हमधून हवा भरतात त्याच्याच आतल्या टोकाला तो स्क्रूने बसवलेला असतो आणि रिमच्या खोलगट भागात टायरने पूर्ण झाकलेला असतो. काळ्या प्लॅस्टिकच्या त्या डबीत दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारा भाग, चाक फिरते आहे की नाही हे ओळखणारा भाग, रेडिओ ट्रान्समीटर आणि नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल असतो. ओलाव्याने आणि हादऱ्यांनी काही हलू नये म्हणून हे सगळे राळेसारख्या पदार्थात गाडून टाकलेले असते. फक्त एक बारीक छिद्र उघडे असते, त्यातून टायरमधली हवा चिपपर्यंत पोचते. गाडी उभी असताना सेल वाचवण्यासाठी सेन्सर झोपी जातो. चाक फिरू लागले की जागा होतो आणि ठरावीक अंतराने दाबाचा आकडा आणि स्वतःचा ओळखक्रमांक प्रसारित करतो. प्रत्येक सेन्सरचा क्रमांक वेगळा असतो आणि गाडी फक्त आपल्या यादीतल्या क्रमांकांचेच ऐकते. तसे नसते तर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरचे आकडे आपल्या मीटरवर आले असते.

या झोपण्या-जागण्यामुळे एक नेहमीचा गैरसमज होतो. पंपावर हवा भरली, तरी मीटरवरचा जुना आकडा हलत नाही आणि हवा भरणाऱ्या मुलाशी वाद सुरू होतो. थोडे अंतर चालवल्यावर आकडा बदलतो. तो तेवढ्यानेही बदलला नाही, तर मग शंका घ्यायला जागा आहे.

तपासाची सुरुवात सेन्सरपासून नव्हे, हवेपासून करावी. गाडी निदान तीन तास उभी असावी, कारण चालवलेला टायर तापून दाब सहज तीन-चार पीएसआयने चढलेला असतो. पंपावरच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. म्हणून हातातला एक बरा गेज गाडीत ठेवावा आणि दर वेळी तोच वापरावा. तापमानाचा परिणामही ध्यानात घ्यायला हवा. समजा, नेमलेला दाब ३३ पीएसआय आहे, पण दुर्लक्षामुळे एका टायरमध्ये ३६ अंशांच्या दुपारी २८ च पीएसआय उरला आहे. दिवा बंद आहे. डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा १२ अंशांवर येतो तेव्हा त्याच टायरमधला दाब हवा न गळताही पावणेपंचवीसच्या खाली उतरतो. ही नेमकी पंचवीस टक्क्यांची रेषा. पहाटे दिवा पेटतो, मालक अकरा वाजता वर्कशॉपला पोचतो, तोवर ऊन आणि रस्त्याची उष्णता लागून दाब चढलेला असतो आणि जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. दोन-तीन खेपा झाल्या की कुणीतरी सेन्सर बदलायचा सल्ला देतो. लागते ती फक्त पाच पीएसआय हवा.

हवा बरोबर असूनही दिवा लुकलुकतो किंवा एका चाकाच्या जागी आकड्याऐवजी रेघा दिसतात, तेव्हा सेन्सरकडे वळावे. सगळ्यात स्वाभाविक कारण सेल संपणे हे आहे. सेलचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते आणि तो बदलता येत नाही, संपूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. मरायला टेकलेला सेल थंडीत आधी हार मानतो: सकाळी रेघा, दुपारी आकडा, पुन्हा सकाळी रेघा. नव्या, दोन वर्षांच्या गाडीत मात्र सेल संपला हे स्पष्टीकरण सहजासहजी स्वीकारू नये. तिथे दुसरे कारण असण्याची शक्यता जास्त.

ते दुसरे कारण बहुतेक वेळा टायरच्या दुकानात घडलेले असते. टायर रिमपासून सोडवताना यंत्राचे पाते टायरच्या कडेवर दाब देते. ते पाते व्हॉल्व्हच्या जवळ टेकवले, तर आतली डबी तडकते किंवा मोडते. जाणता कारागीर आधी व्हॉल्व्ह शोधतो, चाक फिरवून ती बाजू पात्यापासून दूर नेतो आणि मगच दाब देतो. टायर परत चढवतानाही टायरची कड सेन्सरवर आपटणार नाही अशा कोनातून सुरुवात करतो. रोज चाळीस चाके काढणारा, पण सेन्सरची सवय नसलेला माणूस हे करत नाही. म्हणून टायर बदलायला किंवा आतून पंक्चर काढायला चाक उतरवले की ‘आत सेन्सर आहे’ हे तोंडाने सांगावे आणि शक्य असल्यास समोर उभे राहावे. शेजारी उभे राहिल्याने कारागिराचा अपमान होत नाही.

पंक्चर टाळण्यासाठी टायरमध्ये ओतले जाणारे जेल हा आपल्याकडचा खास शत्रू. चिकट द्रव त्या बारीक छिद्रात जाऊन बसला की चिपपर्यंत हवा पोचतच नाही. आकडा एका जागी गोठतो. सेन्सरला चालेल असे स्पष्ट लिहिलेले जेल सोडून दुसरे वापरू नये. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत धातूचा व्हॉल्व्हही गंजतो. सेन्सरचा दांडा अॅल्युमिनियमचा असतो. त्यात साधा पितळी व्हॉल्व्हकोर किंवा वर शोभेची धातूची टोपी बसवली, तर दोन वेगळ्या धातूंमध्ये ओलाव्यामुळे गंज धरतो आणि टोपी अशी चिकटते, की पकडीने फिरवताना दांडाच तुटतो. निकेलचा मुलामा दिलेला कोर आणि प्लॅस्टिकची साधी टोपी एवढाच यावर उपाय. टायर उतरवला की व्हॉल्व्हचे रबरी वायसर, नट, कोर आणि टोपी यांचा लहान संचही नवा घालावा. तो स्वस्त असतो आणि त्याच्याअभावी होणारी बारीक गळती पुढे ‘सेन्सर खराब’ म्हणून खपते.

काही वेळा सेन्सर ठणठणीत असतो आणि दोष भलतीकडे असतो. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली की यंत्रणा एका चाकाचा आवाज हरवल्याचे सांगणारच. चाकांची अदलाबदल केल्यावर काही गाड्यांत पुढच्या चाकाचा आकडा मागच्या जागी दिसतो आणि मालक भलत्याच टायरमध्ये हवा भरत बसतो. शिवाय, डॅशकॅमचा किंवा मोबाइलचा हलक्या प्रतीचा चार्जर आणि बाहेरून बसवलेले एलईडी दिवे रेडिओ लहरींत इतका गोंगाट करतात, की सेन्सरचा क्षीण संदेश बुडून जातो. दिवा लागायच्या थोडे आधी गाडीत नवे काही बसवले असेल, तर दोन दिवस ते काढून गाडी चालवून पाहावी. यात खर्च काही नाही.

कोणता आकडा कोणत्या चाकाचा, हे घरीच शोधता येते. एका टायरमधली चार-पाच पीएसआय हवा सोडायची, काही किलोमीटर सावकाश चालवायचे, मीटरवर कोणता आकडा उतरतो ते पाहायचे आणि लगेच हवा पूर्ववत भरायची. पुढचे काम यंत्राचे. टीपीएमएस तपासण्याचे हातात मावणारे यंत्र व्हॉल्व्हजवळ धरले की ते झोपलेल्या सेन्सरला जागे करते आणि त्याचा क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याच सेन्सरांच्या बाबतीत सेलची अवस्था पडद्यावर दाखवते. टायर उतरवायची गरज नसते, चार चाकांना पाच मिनिटे पुरतात. यंत्राला सेन्सरचे उत्तर मिळाले, पण गाडीला मिळत नसेल, तर सेन्सर जिवंत आहे. दोष नोंदणीत, गाडीच्या रिसीव्हरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. यंत्रालाही उत्तर मिळाले नाही, तर सेन्सर गेला. एवढा साधा निवाडा असताना केवळ दिवा पाहून सेन्सर बदलणे म्हणजे मालकाच्या पैशांनी अंदाज करून पाहणे.

सेन्सर बदलायचाच झाला, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, लहरींची वारंवारता. भारतात आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत ती साधारणपणे ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते, तर अमेरिकेत बऱ्याच गाड्यांत ३१५. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाने तिकडून स्वस्तात धाडलेला हुबेहूब दिसणारा सेन्सर इथल्या गाडीत मुका राहू शकतो. दुसरी, संदेशाची भाषा. ती प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. तिसरी, नोंदणी. काही गाड्या नवा क्रमांक थोडा वेळ चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना तो डायग्नोस्टिक सॉकेटमधून भरून द्यावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सेन्सरमध्ये जुन्या सेन्सरचाच क्रमांक उतरवता येतो, मग गाडीला काही शिकवावे लागत नाही. त्यासाठी जुना क्रमांक हाताशी हवा. चारही सेन्सर चालू असतानाच त्यांचे क्रमांक लिहून ठेवले, तर हे काम अर्ध्यावर येते.

एक गेला म्हणून चारही बदलावेत का? आठ वर्षांच्या गाडीत नवे टायर घालताना चारही बदलणे शहाणपणाचे आहे, कारण उरलेले सेलही संपत आलेले असतात आणि टायर उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. तीन वर्षांच्या गाडीत फटका बसून एक मोडला, तर बाकी तिघांना हात लावायचे कारण नाही.

शोरूमच्या वर्कशॉपशी व्यवहार करताना शब्दांपेक्षा आकडे कामाला येतात. ‘दिवा लागतो’ अशी तक्रार लिहून घेतली की उत्तर ‘दिवा घालवला’ असेच येते. त्याऐवजी जॉबकार्डवर सर्व्हिस अॅडव्हायझरकडून असे लिहून घ्यावे: ‘थंड टायरमध्ये गेजने चारही चाकांत ३३ पीएसआय, दिवा सुरुवातीला एक मिनिट लुकलुकतो, मागच्या डाव्या चाकाचा आकडा येत नाही, व्हिडिओ दाखवला.’ मग त्याच कार्डावर मागणी नोंदवावी, की चारही सेन्सरचे यंत्रावरचे वाचन आणि गाडीतले फॉल्ट कोड यांची प्रत मिळावी. कामाआधी लेखी इस्टिमेट घ्यावे. त्यात सुटा भाग, टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरी, बॅलन्सिंग आणि प्रोग्रॅमिंग असे वेगवेगळे आकडे असावेत. बदललेला भाग परत मागावा. या मागण्या वाजवी आहेत आणि नीट चालणाऱ्या वर्कशॉपला त्यांची अडचण वाटत नाही. अॅडव्हायझरच्या टेबलावर दिवसाला कितीतरी गाड्या येतात. नेमकी तक्रार लिहून आणणाऱ्या माणसाचे काम त्यालाही सोपे जाते, हेही खरे.

वॉरंटीबाबत एक फरक समजून घ्यावा. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते, सेन्सर हा गाडीचा भाग असल्याने तो गाडीच्या वॉरंटीत येतो. बाहेरून बसलेला फटका मात्र वॉरंटीतून वगळला जातो आणि अनेक दावे इथेच फेटाळले जातात. म्हणून ‘बाहेरच्या पंक्चरवाल्याने मोडला’ असे कारण दिले गेले, तर टायर आपल्यासमोर उतरवून मोडलेली डबी दाखवायला सांगावे. डबी अखंड असेल, तर ते कारण टिकत नाही. ‘बाहेर हात लावला, आता वॉरंटी गेली’ ही सरसकट धमकीही निमूटपणे मान्य करू नये. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू न दिल्याबद्दल. बाहेरच्या सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे त्या आदेशात म्हटले होते. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत लढले गेले, पण आयोगाने मांडलेले ते तत्त्व बिलाच्या टेबलावर आजही बोलून दाखवण्याजोगे आहे.

वर्कशॉपमध्ये काम अडले, तर आधी सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचे ग्राहक केंद्र, आणि दोन्हीकडे तोंडी नव्हे तर ईमेलने कळवावे. तिथेही उत्तर मिळाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि अनेक वाद तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते, शोरूम ज्या शहरात आहे तिथे हेलपाटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बिल न देणे हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते.

वाद चालू असेपर्यंत गाडी उभी ठेवायचे कारण नाही. दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी थंड टायर गेजने तपासले, तर बिघडलेल्या सेन्सरची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. समृद्धी महामार्गासारख्या लांब, तापणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्यावर निघताना तर ही तपासणी चुकवूच नये. व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे बाहेरचे सेन्सरही मिळतात. त्यांचा सेल बदलता येतो, पण त्यांच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह वाकतो आणि ते चोरीलाही जातात, त्यामुळे तात्पुरती सोय म्हणूनच त्यांच्याकडे पाहावे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. जॉबकार्ड, बिल, बदललेला सेन्सर आणि दिव्याचा व्हिडिओ तोवर जपून ठेवावेत.